पठ्ठ्याने मोठ्या कॉलेजची सीट सोडली, वडिलांच्या लॅबमध्ये बसला अन् १९ व्या वर्षी उजेडातून वीज काढली

घरच्या घरी सोलर सेल बनवायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. काचेचे दोन तुकडे, एका काचेवर पांढरी पेस्ट, त्यावर जांभळाचा किंवा जास्वंदीचा रस, दुसऱ्या काचेवर पेन्सिल घासलेली, मधे आयोडीनचे दोन थेंब आणि वरून दोन चिमटे. ही जोडी उन्हात धरली की मल्टिमीटरचा आकडा हलतो. खाली कमेंटमध्ये निम्मे लोक म्हणतात फेक आहे, निम्मे म्हणतात आता लाइट बिल बंद.

दोन्ही चूक. व्हिडिओ खरा असतो आणि लाइट बिलही येतच राहतं.

पण हे जुगाड आलं कुठून, हे शोधत गेलं की आपण थेट १८३९ सालच्या पॅरिसमध्ये पोहोचतो. तिथे भेटतो १९ वर्षांचा एक पोरगा. नाव एडमंड बेक्वेरेल.

बेक्वेरेल हे नाव ऐकल्यासारखं वाटेल. शाळेत किरणोत्साराच्या धड्यात हे नाव होतं आणि किरणोत्सार मोजायच्या एककाचं नावही बेक्वेरेलच आहे. पण तो हेन्री बेक्वेरेल, म्हणजे आपल्या एडमंडचा मुलगा. मुलाला नोबेल मिळालं, त्याच्या नावाचं एकक झालं आणि बाप मागे पडला. इतका मागे पडला की आजही इंटरनेटवर सोलर सेलचं श्रेय कधी एडमंडच्या वडिलांना दिलं जातं, तर कधी एडमंडच्या नावाखाली हेन्रीचा फोटो लावला जातो.

म्हणूनच हा गडी नेमका कोण होता ते एकदा नीट बघू.

घरातच लॅब होती

एडमंडचा जन्म २४ मार्च १८२० चा, पॅरिसमधला. वडील आंत्वान सेझार बेक्वेरेल. हे गृहस्थ मुळात नेपोलियनच्या फौजेतले इंजिनिअर. स्पेनच्या मोहिमेवर जाऊन आले, पुढे तब्येतीमुळे फौज सोडली आणि विजेच्या मागे लागले. त्या काळी वीज म्हणजे बल्ब-पंखे नव्हते. धातूच्या पट्ट्या आम्लात बुडवायच्या, तारा जोडायच्या आणि सुई किती हलते ते बघायचं, एवढीच वीज होती. या कामात सेझार यांचं नाव इतकं मोठं झालं की १८३७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ले पदक दिलं. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालयात ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्याच १८३८ मध्ये १८ वर्षांच्या एडमंडचं शिक्षणाचं ठरायचं होतं. त्याला एकाच वेळी दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. एक एकोल नॉर्माल आणि दुसरं एकोल पॉलिटेक्निक. दुसऱ्या कॉलेजात तर वडील स्वतः शिकलेले. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर पोराला आयआयटीही लागली होती आणि वर अजून एक तेवढीच तगडी सीट हातात होती.

त्याने दोन्ही सोडल्या आणि वडिलांचा सहायक म्हणून संग्रहालयात रुजू झाला.

आज कुठल्याही घरात असं झालं तर आधी आई रडेल, मग मामा समजवायला येईल. पण एडमंडचं गणित सरळ होतं. जे शिकायला कॉलेजात जायचं, ते इथे रोज हाताने करायला मिळत होतं.

१८३९ : सगळं पॅरिस फोटोसाठी वेडं झालं होतं

त्या वर्षी पॅरिसमध्ये एकच चर्चा होती. जानेवारीत विज्ञान अकादमीत दागेर नावाच्या माणसाच्या शोधाची घोषणा झाली. चांदीच्या पत्र्यावर आयोडीनची वाफ द्यायची, तो कॅमेऱ्यात ठेवायचा आणि समोरचं दृश्य पत्र्यावर उमटवायचं. ऑगस्टमध्ये ही रीत सगळ्यांसाठी खुली केली गेली. फोटोग्राफीचा जन्म तो हाच.

म्हणजे चांदीच्या क्षारांवर उजेड पडला की काहीतरी रासायनिक बदल होतो, हे आता सगळ्यांना कळलं होतं. एडमंडने त्याच्या पुढचा प्रश्न विचारला. वडिलांच्या कामातून त्याला माहीत होतं की जिथे रासायनिक बदल होतो, तिथे बहुतेक वेळा वीजही सापडते. मग उजेडाने होणाऱ्या बदलात वीज निघते का?

त्याने एक पेटी घेतली, तिचे पातळ पडद्याने दोन कप्पे केले आणि दोन्हीत आम्ल मिसळलेलं पाणी भरलं. प्रत्येक कप्प्यात धातूची एक पट्टी सोडली. या पट्ट्यांवर सिल्व्हर क्लोराईडसारख्या, उजेडाने बदलणाऱ्या क्षाराचा थर होता. पट्ट्या तारेने गॅल्व्हनोमीटरला जोडल्या. मग एक कप्पा अंधारात ठेवून दुसऱ्यावर ऊन पाडलं.

सुई हलली.

ऊन अडवल्यावर ती परत मागे आली. वेगवेगळ्या रंगांच्या काचा मधे धरून पाहिलं, तर निळ्या-जांभळ्या उजेडात सुई चांगली हलायची आणि तांबड्या उजेडात जवळजवळ हलायचीच नाही. १८३९ मध्येच हे सगळं अकादमीसमोर मांडलं गेलं. उजेडापासून थेट वीज निघते, ही जगातली पहिली नोंद. आज आपण याला फोटोव्होल्टाइक परिणाम म्हणतो. छतावरचं पॅनेल, शेतातला सौर पंप, कॅल्क्युलेटरवरची काळी पट्टी, सगळ्यांची वंशावळ त्या पेटीपाशी जाऊन थांबते.

मग तो श्रीमंत झाला का?

नाही. कारण त्या पेटीतून निघणारी वीज अगदीच किरकोळ होती. सुई हलवण्यापलीकडे तिचा उपयोग नव्हता.

दुसरी अडचण याहून मोठी होती. वीज का निघते हे सांगणं तेव्हा कोणालाच शक्य नव्हतं. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये. उजेड पुड्या-पुड्यांनी ऊर्जा देतो हे आइनस्टाइनने मांडलं १९०५ मध्ये. अर्धवाहक म्हणजे सेमीकंडक्टर कसे वागतात हे समजायला त्यानंतरही काही दशकं गेली. एडमंडला उत्तर दिसलं होतं, पण ते वाचायची लिपी अजून तयार व्हायची होती.

अशा वेळी दोन वाटा असतात. एक म्हणजे बिनकामाची गोष्ट म्हणून सोडून देणं आणि दुसरी म्हणजे मोठमोठे दावे करत फिरणं. एडमंडने तिसरीच वाट धरली. यातून वीज मिळत नसेल तर नसू दे, पण सुई जितकी जास्त हलते तितका उजेड जास्त, हे तर खरं. मग त्याने याच रचनेतून उजेड मोजायचं यंत्र केलं आणि त्याला नाव दिलं ॲक्टिनोमीटर. वीज देण्यात नापास झालेली पेटी मोजमापात पास झाली.

उजेडात न्यायची नाही अशी रंगीत तसबीर

त्यानंतर एडमंड आयुष्यभर उजेडाच्याच मागे राहिला. फोटोग्राफीतही त्याने एक कामाची गोष्ट दिली. दागेरच्या पद्धतीत पत्र्यावर प्रतिमा आणायला पाऱ्याची वाफ लागायची आणि ती किती विषारी असते हे वेगळं सांगायला नको. एडमंडने दाखवलं की थोडा उजेड मिळालेला पत्रा तांबड्या काचेखाली उन्हात ठेवला तरी प्रतिमा उमटते, त्यासाठी पारा लागत नाही. जुन्या पद्धतीने फोटो काढणारे हौशी लोक आजही ही रीत वापरतात आणि तिला त्याच्याच नावाने ओळखतात.

१८४८ मध्ये त्याने याच्याही पुढची मजल मारली. चांदीच्या पत्र्यावर सिल्व्हर क्लोराईडचा खास थर चढवला आणि त्यावर लोलकातून आलेला सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला. थराने रंग धरले. तांबड्याच्या जागी तांबडा, हिरव्याच्या जागी हिरवा, निळ्याच्या जागी निळा. कुठलाही रंग न लावता निघालेला रंगीत फोटो, तोही १८४८ साली.

पण त्यात एक मेख होती. ते रंग पक्के करायची युक्ती त्याला सापडली नाही. फोटो उजेडात ठेवला की उडून जायचा. म्हणून त्या तसबिरी अंधारात जपाव्या लागायच्या आणि पाहायच्या तर मिणमिणत्या उजेडात, तेही थोडाच वेळ. उजेडाने काढलेलं चित्र उजेडालाच दाखवता येत नव्हतं. त्यातल्या काही प्रतिमा आजही फ्रान्समध्ये जपून ठेवलेल्या आहेत. ते रंग येतात कसे यावर पुढे दीडशे वर्षं वाद चालू होता. अलीकडे, २०२० च्या सुमारास, फ्रेंच संशोधकांनी दाखवलं की ही करामत थरातल्या चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची आहे.

अंधारात चमकणारे दगड

पुढे एडमंड पॅरिसमधल्या कला आणि उद्योगांच्या मोठ्या संस्थेत प्राध्यापक झाला. तिथे त्याला नाद लागला चमकणाऱ्या पदार्थांचा. काही खनिजं उजेडात धरून अंधारात नेली की थोडा वेळ चमकत राहतात. काही इतका कमी वेळ चमकतात की डोळ्याला कळतही नाही.

हा क्षणभराचा उजेड पकडायला त्याने एक यंत्र बनवलं, फॉस्फोरोस्कोप. एका डबीत नमुना, दोन्ही बाजूंना भोकं पाडलेल्या फिरत्या तबकड्या, पण भोकं एकासमोर एक नाहीत. त्यामुळे आधी नमुन्यावर उजेड पडतो, तो बंद होतो आणि मग लगेच दुसऱ्या बाजूने नमुना आपल्याला दिसतो. तबकड्या जोरात फिरवल्या की सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकणारी चमक दिसायची. असले चमकणारे पदार्थ काचेच्या नळीत घालून, नळीतल्या विरळ वायूतून वीज सोडण्याचेही प्रयोग त्याने केले. पुढे घरोघरी आलेल्या ट्यूबलाइटच्या विचाराचं मूळ तिथे सापडतं.

१८६३ मध्ये तो विज्ञान अकादमीचा सदस्य झाला. १८६७-६८ मध्ये उजेडावरचा त्याचा दोन खंडांचा ग्रंथ आला. वडील गेले १८७८ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर. मगच संग्रहालयातली ती खुर्ची एडमंडकडे आली. तेव्हा तो स्वतः ५८ वर्षांचा होता. १८३८ मध्ये ज्या दारातून सहायक म्हणून आत गेला, त्याच दारात प्राध्यापक व्हायला ४० वर्षं गेली.

आणि इथे येतो रसाचा धागा

आता परत त्या जांभळाच्या रसाकडे येऊ.

१८३९ च्या पेटीची सगळ्यात मोठी अडचण आठवतेय? निळ्या-जांभळ्या उजेडात चालायची, तांबड्यात नाही. म्हणजे उन्हाचा मोठा हिस्सा वायाच जायचा. फोटोच्या काचांचंही तेच दुखणं होतं.

१८७३ मध्ये बर्लिनच्या फोगेल नावाच्या प्राध्यापकाला आढळलं की फोटोच्या काचेत विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर ती हिरव्या-पिवळ्या उजेडालाही दाद देते. म्हणजे रंगद्रव्य उजेड खातं आणि त्याची ताकद शेजारच्या चांदीच्या क्षाराला देतं. पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, एडमंडने यात आपली भर घातली. त्याने रंग घेतला झाडाच्या पानाचा. हरितद्रव्य, म्हणजेच क्लोरोफिल. पान ज्या तांबड्या उजेडावर जगतं, तोच तांबडा उजेड हरितद्रव्य लावलेल्या काचेलाही दिसू लागला.

बघा, दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून झाल्या होत्या. उजेडाची वीज करणारी पेटी १९ व्या वर्षी आणि झाडाच्या रंगाने उजेड पकडणं ५४ व्या वर्षी. रंग पेटीतल्या पट्टीला लावायचा, एवढंच उरलं होतं.

ते केलं दुसऱ्याच कोणीतरी. १८८७ मध्ये व्हिएन्नात मोझर नावाच्या संशोधकाने एडमंडच्या रचनेतल्या चांदीच्या पट्ट्यांवर रंगद्रव्य चढवलं आणि उजेडाचा परिणाम वाढल्याचं दाखवलं. चार वर्षांनी, ११ मे १८९१ ला, एडमंड गेला.

त्यानंतर बरोबर १०० वर्षांनी, १९९१ मध्ये, स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये मायकेल ग्रेट्झेल आणि ब्रायन ओ'रेगन यांनी ही कल्पना कामाची करून दाखवली. त्यांनी चांदीऐवजी टायटॅनियम डायऑक्साइड घेतलं. भिंतीच्या रंगात आणि सनस्क्रीनमध्ये असते तीच ही पांढरी पावडर. तिचे अतिसूक्ष्म कण काचेवर भाजून स्पंजासारखा थर केला आणि त्या स्पंजात रंगद्रव्य मुरवलं. स्पंज असल्यामुळे रंगाला चिकटायला प्रचंड जागा मिळाली. उन्हातल्या ऊर्जेपैकी ७ टक्क्यांच्या आसपास ऊर्जेची वीज झाली. पुढे हाच सेल फळांचा रस वापरून शाळेत कसा बनवायचा, हेही ग्रेट्झेल आणि त्यांच्या सहकाऱ्याने लिहून ठेवलं. आपल्याकडे आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी जांभळाचा रंग वापरून असे सेल तयार केले.

तो व्हिडिओ आता परत बघा

एका बाजूने वीज वाहणारी खास पारदर्शक काच घेतात. साधी काच चालत नाही आणि पहिला खर्च इथेच येतो. टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये थोडं व्हिनेगर घालून पेस्ट करतात आणि काचेच्या वीज वाहणाऱ्या बाजूवर पातळ पसरतात. मग ४५० अंशांच्या आसपास अर्धा तास भाजतात. हे गॅसवर करायचं काम नाही, शाळा-कॉलेजच्या लॅबमध्ये शिक्षकांसमोरच करावं. काच हळूहळू थंड झाली नाही तर तडकते. पावडर नाकात जाऊ द्यायची नाही.

मग ती काच जांभूळ, कोकम किंवा जास्वंदीच्या रसात बुडवतात. या सगळ्यांत अँथोसायनिन नावाचं जांभळट-तांबडं रंगद्रव्य असतं. ते पांढऱ्या थराला घट्ट धरतं. दुसऱ्या काचेवर पेन्सिलचं शिसं घासतात किंवा मेणबत्तीची काजळी धरतात. दोन काचा एकमेकींवर ठेवून मधे आयोडीनचं द्रावण सोडतात आणि चिमटे लावतात.

उजेड पडला की रंगद्रव्यातला इलेक्ट्रॉन उसळतो आणि पांढऱ्या थरात जातो. तिथून काचेत, काचेतून तारेत, तारेतून दुसऱ्या काचेत. तिथे आयोडीनचं द्रावण त्याला उचलतं आणि परत रंगद्रव्याच्या रिकाम्या जागी आणून सोडतं. झाला फेरा पूर्ण. दोन पट्ट्या, मधे द्रव, एका बाजूला ऊन. एडमंडचीच पेटी, फक्त चपटी केलेली.

मिळतं किती? एका सेलचं साधारण ०.३ ते ०.५ व्होल्ट आणि करंट अगदी थोडा. यावर मोबाइल चार्ज होत नाही. फळाचा रंग उन्हात उडतो, द्रावण सुकतं आणि काही दिवसांत सेल मरतो. छतावरचं सिलिकॉनचं पॅनेल २० टक्क्यांच्या वर ऊर्जा पकडतं आणि २०-२५ वर्षं टिकतं, त्याच्याशी याची बरोबरीच नाही. मात्र कारखान्यात बनलेले रंगद्रव्याचे सेल घरातल्या मंद उजेडातही बरे चालतात, म्हणून छोट्या उपकरणांसाठी त्यांच्यावर काम सुरू आहे.

बापाने ठेवलेली शेवटची गोष्ट

एडमंड गेला तेव्हा त्याच्या मागे चमकणाऱ्या क्षारांचा साठा राहिला, त्यात युरेनियमचे क्षारही होते. १८९६ मध्ये हेन्री त्यांच्यावर प्रयोग करत होता. ऊन पडल्यावरच त्यातून किरण निघतील असं त्याला वाटत होतं, पण पॅरिसमध्ये ढग दाटले. क्षार आणि फोटोची काच ड्रॉवरमध्ये पडून राहिली. काच धुतली तर उजेड नसतानाही तिच्यावर ठसा उमटलेला. हाच किरणोत्साराचा शोध. १९०३ मध्ये हेन्रीला क्युरी दांपत्यासोबत नोबेल मिळालं.

आयुष्यभर उजेडाचा पाठलाग केलेल्या बापाच्या साठ्यातून मुलाला अंधारात निघणारे किरण सापडले.

एडमंडच्या नावावर ना एकक, ना नोबेल. त्याच्या हातात जे आलं ते होतं एका सुईचं थोडंसं हलणं. ते कशासाठी उपयोगी पडेल हे त्याला माहीत नव्हतं, तरी त्याने ते नीट मोजलं, लिहून ठेवलं आणि पुढच्यांना दिलं. म्हणून पुढच्या वेळी कोणी जांभळाच्या रसाने मल्टिमीटर हलवून दाखवला, तर आकडा लहान आहे म्हणून हसू नका. १८३९ मध्येही तो लहानच होता.